परवाना भिंतीवर आहे, पण भिंत कशी आहे?

उत्तम उत्पादन पद्धतींशिवाय अन्न सुरक्षेचे कोणतेही प्रमाणपत्र टिकत नाही

बेकरी, मटण-चिकनची दुकाने, बिर्याणी-कबाबची हॉटेले, दावतींचे ठेके, मसाले, सुकी मासळी, खजूर आणि सुकामेव्याची पाकिटे भरणारे छोटे कारखाने. खाद्यपदार्थांच्या व्यवसायात आपल्या समाजातील किती कुटुंबे गुंतलेली आहेत हे कोणत्याही मोहल्ल्यातून एक फेरी मारली तरी कळून येते. या धंद्यात कसब आहे, पहाटे तीनला उठण्याची तयारी आहे आणि गिऱ्हाईकही आहे. मात्र एखादे मोठे हॉटेल, शाळेचे उपाहारगृह किंवा आखाती देशांत माल पाठवणारा निर्यातदार ऑर्डर देण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो, "तुमच्याकडे जीएमपी आहे का?" आपला व्यापारी भिंतीवरच्या चौकटीतील परवान्याकडे बोट दाखवतो. समोरचा मान हलवून म्हणतो, "परवाना पाहिला, आता कारखाना दाखवा." पुष्कळ ऑर्डरी येथेच अडतात.

जीएमपी म्हणजे 'गुड मॅन्युफॅक्चरिंग प्रॅक्टिसेस', मराठीत उत्तम उत्पादन पद्धती. नाव भारदस्त असले तरी आतल्या गोष्टी साध्या आहेत. छप्पर गळू नये, मोरी तुंबू नये, पाणी पिण्यालायक असावे, कच्चा माल आणि तयार माल एकमेकांना लागू नये, उंदीर-झुरळांना वाट मिळू नये, काम करणाऱ्याचे हात धुतलेले असावेत, भांडी व यंत्रे रोज घासून ठेवावीत आणि हे सारे केल्याची कुठेतरी नोंद असावी. एखादा पदार्थ एकदा चांगला निघणे हे कारागिराचे कसब झाले. तो रोज, प्रत्येक पाळीत, मालक गावाला गेला असतानाही तसाच सुरक्षित निघणे याला उत्पादन पद्धत म्हणायचे.

मोठे खरेदीदार याच्या वरच्या मजल्याविषयीही बोलतात. त्याला 'हॅसप' म्हणतात, म्हणजे धोका नेमका कोठे आहे हे आधी ओळखून त्या जागी पहारा बसवण्याची पद्धत. तिचा जन्म १९६० च्या दशकात अमेरिकेत झाला. अंतराळवीरांना द्यावयाच्या अन्नात जंतू असून चालणार नव्हते, म्हणून पिल्सबरी ही कंपनी, अंतराळ संस्था नासा आणि अमेरिकी लष्कराची नॅटिक येथील प्रयोगशाळा यांनी मिळून ती बसवली. आपल्याकडे आजकाल सल्लागार मंडळी थेट या हॅसपची फाईल तयार करून देतात. जाडजूड फाईल, रंगीत तक्ते, छान बाईंडिंग. पण हॅसप ही भट्टीचे तापमान, शीतकपाट, धातूचा तुकडा पकडणारे यंत्र अशा मोजक्या जागा सांभाळते. बाकीचे घर आधीच नीट आहे असे ती गृहीत धरते. आंतरराष्ट्रीय खाद्यमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने अन्न स्वच्छतेची सर्वसाधारण संहिता प्रथम १९६९ मध्ये केली. २०२० मध्ये तिची फेरमांडणी झाली तेव्हा स्वच्छतेच्या पद्धती पहिल्या प्रकरणात आणि हॅसप दुसऱ्या प्रकरणात घातली गेली. हा क्रम आपल्या व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावा आणि फाईलवर पैसे घालण्यापूर्वी मोरीवर घालावेत.

भट्टीतून बाहेर आल्यावर

पावाची बेकरी घ्या. भट्टीत पाव भाजतो तेव्हा त्याच्या गाभ्याचे तापमान ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. मैद्यातून, पाण्यातून किंवा हातातून आलेले बहुतेक जंतू तेथे मरतात. म्हणून जुने कारागीर म्हणतात की आगीने सगळे पाक होते. हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे भट्टीच्या तोंडाबाहेर घडते.

ट्रे बाहेर आला की लादी पाव कोठे थंड होतो? पुष्कळ ठिकाणी कळकट फळीवर, गोणपाटावर, कधी जमिनीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर. वर पंखा फिरत असतो आणि त्याच्या पात्यांवर महिन्यांची धूळ असते. बुरशीचे बीज भट्टीत जिवंत राहत नाही. ते थंड होणाऱ्या पावावर हवेतून, फळीवरून आणि हातावरून येऊन बसते. त्यातच गाडी सुटेल म्हणून गरम पावच पिशवीत भरला तर आत वाफेचे थेंब साचतात आणि बुरशीला हवा तो ओलावा घरबसल्या मिळतो. दुकानदार तिसऱ्या दिवशी माल परत पाठवतो तेव्हा मालक मैद्याला किंवा यीस्टला दोष देतो. खरा दोष थंड करण्याच्या फळीचा असतो.

दुसरा एक रोग याच्या उलट आहे. पावसाळ्यात किंवा दमट उकाड्यात कधी कधी पाव मोडला की आतून चिकट तार सुटते आणि पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो. हे काम बॅसिलस जातीच्या जंतूंचे. त्यांची बीजे इतकी चिवट असतात की पावाच्या गाभ्यातील उष्णतेलाही ती पुरून उरतात आणि पाव हळूहळू थंड होत असताना वाढतात. मळण्याच्या यंत्राच्या कोपऱ्यात वाळलेला कालचा मैदा आणि शिळ्या पिठाचा उरलेला गोळा ही त्यांची ठाणी होत. यंत्र उघडून घासणे, पिठात थोडा सिरका घालून आंबटपणा वाढवणे, पाव लवकर थंड करणे आणि नियमात परवानगी असलेले कॅल्शियम प्रोपिओनेट ठरलेल्या मर्यादेत वापरणे हे त्यावरचे उपाय आहेत. मैद्याचा ब्रँड बदलून हा रोग जात नाही.

'नियमात परवानगी असलेले' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. पाव फुगावा म्हणून पूर्वी सर्रास वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट जून २०१६ मध्ये भारतात बंद झाले. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधण्यास २०१८ च्या वेष्टन नियमांनी मनाई आहे, कारण छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये पदार्थात उतरतात. तरीही वर्तमानपत्रात गुंडाळलेला गरम पाव आजही हातात पडतोच.

आता गोदाम. मैद्याची पोती भिंतीला टेकून जमिनीवर रचलेली असतील तर खालच्या पोत्याला ओल धरते आणि मागे उंदीर राहतो. पोती लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवली की झाडू फिरतो आणि लेंड्या दिसतात. आधी आलेले पोते आधी वापरावे. मैदा चाळून घ्यावा आणि चाळणीजवळ लोहचुंबक ठेवावे. सुतळीचे तुकडे, खिळे आणि किडे तेथेच हाती लागतात. ट्यूबलाईटला प्लास्टिकचे आवरण असावे. काच फुटून परातीत पडली तर तो घाणा पूर्ण टाकून देण्याखेरीज मार्ग नाही. अंडी घातलेला केक आणि बिनअंड्याचा केक एकाच भांड्यात फेटला जात असेल तर पाकिटावरचे हिरवे चिन्ह खोटे ठरते. अंड्याचा पदार्थ आपल्या कायद्याप्रमाणे मांसाहारी गणला जातो.

छप्पर गळल्याने काय होते याचे मोठे उदाहरण अमेरिकेत आहे. जॉर्जिया राज्यातील ब्लेकली येथे पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचा शेंगदाणे भाजून त्यांचे लोणी करण्याचा कारखाना होता. शेंगदाणे भाजले जात होते, म्हणजे जंतू मारणारी पायरी तेथेही होती. पण छपराला फटी होत्या, उंदीर-झुरळांचा वावर होता आणि कच्चे व भाजलेले दाणे एकमेकांपासून नीट वेगळे ठेवलेले नव्हते. २००८-०९ मध्ये त्या मालातून साल्मोनेला पसरला. सातशेहून अधिक लोक आजारी पडल्याची नोंद झाली, नऊ जण दगावले आणि त्या कंपनीचे दाणे वापरणाऱ्या इतर कारखान्यांचीही मिळून हजारो प्रकारची उत्पादने बाजारातून मागे घ्यावी लागली. तपासणीत जंतू सापडल्यानंतरही माल रवाना केला गेल्याचे पुढे उघड झाले आणि २०१५ मध्ये मालकाला २८ वर्षांची शिक्षा झाली. कंपनी त्याआधीच बुडाली होती.

देग आणि खिमा

दावतीचे काम करणाऱ्या बावर्चींसाठी तापमान हा सर्वांत मोठा विषय आहे. मोठ्या देगेतला भात किंवा सालन उकळले की जंतू मरतात, पण काहींची बीजे राहतात. भातात बॅसिलस सीरियस आणि मांसाच्या रश्श्यात क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या दोघांची ख्याती जगभर आहे. देग जितकी मोठी तितकी ती थंड व्हायला वेळ लावते. रात्री उतरवलेली देग सकाळी मध्यभागी कोमटच असते. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा आहे. त्या पट्ट्यात अन्न जितके तास राहील तितका धोका वाढतो. भातातील जंतूचे उलटी आणणारे विष तर असे आहे की ते एकदा तयार झाले की पुन्हा गरम करूनही जात नाही. शिळा भात परतून घेतला म्हणून तो सुरक्षित झाला, हा समज सोडून द्यावा.

उपाय अवघड नाही. गरम वाढायचे अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर राहिले पाहिजे. ठेवायचे असेल तर मोठ्या देगेतून उथळ परातीत काढून लवकर थंड करावे आणि ५ अंशांच्या खाली शीतकपाटात ठेवावे. अन्नात खुपसून पाहण्याचा तापमापक काही शे रुपयांत मिळतो. बोट लावून किंवा वाफ पाहून अंदाज घेणारे उस्ताद आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या अंदाजाचा आम्ही आदर करतो. पण तो अंदाज वहीत लिहिता येत नाही, तापमापकाचा आकडा लिहिता येतो.

खिम्याची गोष्ट वेगळी. अखंड मांसाच्या तुकड्यावरचे जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, आचेने ते मरतात. मांसाचा खिमा केला की बाहेरचे जंतू आत मिसळतात. सीख कबाब बाहेरून करपला आणि आत गुलाबी राहिला तर जंतू जिवंत राहतात. १९९३ मध्ये अमेरिकेत जॅक इन द बॉक्स या उपाहारगृहांच्या साखळीत कमी शिजवलेल्या खिम्याच्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. उपाहारगृहांच्या तपासणीसाठी आपल्या प्राधिकरणाने जी यादी केली आहे तिच्यात मांसाहारी पदार्थाच्या गाभ्याचे तापमान ६५ अंशांवर १० मिनिटे, ७० अंशांवर २ मिनिटे किंवा ७५ अंशांवर १५ सेकंद असावे असे दिले आहे. कच्च्या खिम्याची परात आणि शिजलेल्या कबाबाची थाळी वेगळी असावी, सुरीही वेगळी असावी. कच्चा कांदा-कोथिंबीर चिरण्याचा फळा मांसाच्या फळ्यापासून दूर हवा, कारण कोशिंबीर आगीवरून जात नाही.

तळणीच्या तेलालाही मर्यादा आहे. वारंवार तापवलेल्या तेलात जी खराब द्रव्ये साचतात त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. काळे पडलेले, फेसाळणारे, चिकट तेल कालच्या कढईत ओतून 'ताजे' करणे हा बचतीचा मार्ग नव्हे.

काम करणारे हात

या विषयावरील पुस्तकांत टोपी, हातमोजे आणि नखांविषयी पानेच्या पाने असतात. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट क्वचितच लिहिली जाते. जुलाब लागलेला, ताप असलेला किंवा हाताला पिकलेली जखम असलेला कारागीर कामावर का येतो? न आल्यास रोज बुडतो म्हणून येतो. पिकलेल्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू अन्नात उतरतो आणि त्याचे विष उकळूनही टिकते. अशा माणसाला अन्नापासून दूर ठेवावे, असे नियम सांगतो. पण त्याचा रोज कापला तर तो आजार लपवील. दोन दिवसांची भरपगारी सुट्टी आणि तोपर्यंत गल्ल्यावर किंवा भांड्यांच्या हिशेबावर बसवणे मालकाला स्वस्त पडते. दुकानाच्या नावाने पन्नास माणसे दवाखान्यात गेली तर तो खर्च कोणत्या वहीत मांडणार?

आपल्या अनेक बेकऱ्यांत परप्रांतातून आलेले कारागीर भट्टीच्या माळ्यावर किंवा मैद्याच्या पोत्यांशेजारीच झोपतात. तेथेच कपडे वाळतात, तेथेच जेवण होते. जागेची टंचाई आम्हाला ठाऊक आहे. मुंबईत तर ती विचारायलाच नको. तरीही निजण्याची जागा, संडास-न्हाणी आणि उत्पादनाची जागा यांच्यात पक्की भिंत व बंद होणारे दार असलेच पाहिजे. हात धुण्याची जागा न्हाणीपाशी आणि उत्पादनाच्या दाराशी, अशा दोन्ही ठिकाणी असावी, तेथे साबण असावा आणि नळाला पाणी असावे. साबणाची वडी आठवड्याने बदलावी लागली नाही तर हात धुतले जात नाहीत असे खुशाल समजावे.

वर्षातून एकदा प्रत्येक अन्न हाताळणाऱ्याची वैद्यकीय तपासणी करून दाखला ठेवणे नियमात आहे. परवानाधारकांकडे २५ कामगारांमागे किमान एक प्रशिक्षित अन्न सुरक्षा पर्यवेक्षक असावा, अशी अपेक्षा प्राधिकरणाने ठेवली आहे. त्यासाठीचे 'फॉस्टॅक' प्रशिक्षण २०१७ मध्ये सुरू झाले. या वर्गाला मालकाच्या मुलाने जाण्यापेक्षा रात्रपाळीचा मुकादम गेला तर अधिक उपयोग होतो.

हलाल आणि स्वच्छता

हलालचा शिक्का आहे, मग आणखी कशाला हवे, असे काही व्यापारी विचारतात. कोडेक्स आयोगाने हलाल या शब्दाच्या वापराविषयी १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत जबह आणि निषिद्ध पदार्थांचे नियम आहेतच, शिवाय असे अन्न तयार करताना, भरताना, ठेवताना आणि नेताना अन्न स्वच्छतेची सर्वसाधारण संहिता पाळली पाहिजे, असेही त्यांत म्हटले आहे. म्हणजे परदेशी खरेदीदाराच्या दृष्टीने हे दोन वेगळे कागद नाहीत, एकाचा दुसऱ्यावर भार आहे. वेगळी हत्यारे, वेगळी साठवण, कच्चा माल कोठून आला याची नोंद ही हलालसाठी लागणारी शिस्त उत्तम उत्पादन पद्धतीतही जशीच्या तशी उपयोगी पडते. ती आपल्या व्यापाऱ्यांना नवी नाही, फक्त ती मोरीपर्यंत आणि गोदामापर्यंत न्यायची आहे.

एका देशाच्या कारखान्यांनी ही शिस्त पाळली नाही म्हणून काय होते, हे कोकणच्या मासळी व्यापाऱ्यांना सांगायला नको. १९९७ मध्ये युरोपीय आयोगाने भारतातील मासळी प्रक्रिया केंद्रांची तपासणी केली, स्वच्छतेत गंभीर उणिवा काढल्या आणि त्या वर्षी ऑगस्टपासून भारतीय मासळीला युरोपची दारे बंद केली. डिसेंबरमध्ये ती उघडली, पण ज्या कारखान्यांना मंजुरी मिळाली त्यांच्यासाठीच. कोळंबी उघड्या शेडमध्ये सोलून मग कारखान्यात आणण्याची जुनी पद्धत त्यानंतर निर्यातीसाठी चालेनाशी झाली. सोलणे, धुणे, गोठवणे एकाच छपराखाली, थंड जागेत, क्लोरिनयुक्त पाण्याने करावे लागले. ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांनी ते केले. लहान शेडवाल्यांपैकी अनेकांचा धंदा गेला आणि त्याबरोबर सोलणाऱ्या बायकांचा रोजगारही. मासळीचा दर्जा वाईट होता म्हणून हे घडले नाही. फरशी, बर्फ, पाणी आणि नोंदवही यांमुळे घडले. बर्फाचे तर आजही तसेच आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचे बंधन आले, कारण मासळी ठेवण्याचा बर्फ उन्हाळ्यात सरबताच्या ग्लासात जात होता.

कायद्याची नजर कोठे आहे

पूर्वीचा १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा मुख्यतः नमुन्यावर चालत असे. निरीक्षक नमुना घेई, प्रयोगशाळेचा अहवाल येई, मग खटला. व्यापाऱ्याच्या मनात तेव्हापासून बसले की नमुना पास झाला म्हणजे आपण सुटलो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि त्याखाली ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झालेले नियम यांनी ही स्थिती बदलली. आता जागेचीही परीक्षा होते. परवाना व नोंदणीच्या नियमांना जोडलेल्या परिशिष्ट ४ मध्ये, ज्याला सगळे 'शेड्यूल फोर' म्हणतात, उत्तम उत्पादन पद्धतीच लिहिल्या आहेत. पहिला भाग नोंदणीवाल्या छोट्या धंद्यांसाठी, दुसरा सर्व परवानाधारकांसाठी, आणि पुढे दूध, मांस व खानपान सेवा यांच्यासाठी वेगळे भाग आहेत. परवाना घेताना आपण या अटी पाळू असे लिहून दिलेले असते. किती जणांनी ते वाचून सही केली हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

कलम ५६ नुसार अस्वच्छ स्थितीत अन्न तयार केल्याबद्दल १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यासाठी नमुना नापास व्हावा लागत नाही. पण याच कायद्यात व्यापाऱ्याला सावरण्याची संधीही आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. उणिवा आढळल्यास कलम ३२ प्रमाणे अधिकारी आधी सुधारणा नोटीस देतो. तीत काय चुकले, कोणते उपाय करायचे हे लिहिलेले असते आणि मुदत किमान १४ दिवसांची असते. तेवढ्यात सुधारणा न झाल्यास परवाना निलंबित आणि त्यानंतर रद्द होऊ शकतो. नोटिशीविरुद्ध अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येते, मात्र १५ दिवसांत किंवा नोटिशीच्या मुदतीत, जे आधी संपेल तेवढ्यात. नोटीस आली की घाबरून दलालाकडे पळण्याऐवजी ती नीट वाचावी. बहुतेक वेळा त्यात मोरीचे झाकण, जाळी, डबे आणि दाखले यांचीच यादी असते. काम झाल्यावर फोटो व बिले जोडून लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी.

नमुना घेतला गेला तरी काही गोष्टी ध्यानात असाव्यात. नमुन्याचे चार भाग केले जातात आणि मागणी केल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. नमुन्याची बाजारभावाने किंमतही मिळते.

सुरुवात कोठून करावी

सगळे एकदम करायला गेले तर हातून काहीच होत नाही. ज्याला खर्च लागत नाही ते आधी करावे. पोती हलवा, पंखा पुसा, तुटकी भांडी भंगारात द्या, कच्च्या व तयार मालाचा रस्ता वेगळा करा. नंतर किरकोळ खर्चाची कामे: खिडकीला जाळी, दाराखालची फट बुजवणे, झाकणाचे कचरा-डबे, तापमापक, टोप्या. पाण्याची टाकी धुऊन तारीख टाकीवरच रंगाने लिहावी आणि पाण्याची तपासणी करून घ्यावी. फरशी, निचरा आणि छप्पर यांना मात्र पैसा लागतो. त्यासाठी रमजान-ईदच्या हंगामाची कमाई आली की तीतून भाग बाजूला काढणे बऱ्याच बेकरीवाल्यांना शक्य असते.

वहीविषयी एक सूचना. सफाई, तापमान, कीटकनाशक फवारणी, कच्च्या मालाची आवक आणि कोणत्या घाण्याचा माल कोणत्या दुकानात गेला, एवढ्या पाच नोंदी रोज झाल्या तर पुरे. मराठीत, उर्दूत, हिंदीत, लिहिणाऱ्याला येईल त्या भाषेत. महिनाअखेरीस एकाच पेनने, एकाच हाताने भरलेल्या तीस दिवसांच्या खुणा तपासनिसाला लगेच ओळखू येतात. मंगळवारी शीतकपाट बंद पडले होते आणि त्यातला माल टाकून दिला, अशी एखादी ओळ त्या वहीत असेल तर तपासनीस उरलेल्या पानांवरही विश्वास ठेवतो. माल मागे घेण्याची वेळ आलीच तर याच वहीमुळे चार दुकानांतून दोनशे पाव परत आणता येतात. वही नसेल तर पूर्ण दिवसाचा माल शहरभर शोधत फिरावे लागते.

छपराचे काम मे महिन्यात उरकावे. जूनमध्ये गवंडी मिळत नाही आणि मैद्याला ओल लागलेली असते.